पदकं मोजताना मीटर विसरू नका : कॅनो-कयाक स्प्रिंटच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
आंतरराष्ट्रीय कॅनो महासंघाचं कार्यकारी मंडळ
आणि
आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीत स्पर्धांचा कार्यक्रम ठरवणारी मंडळी

स. न.

पॅरिस ऑलिंपिकमधल्या शर्यतींची यादी आपण ७ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलीत. कॅनो स्प्रिंटच्या बारा शर्यती होत्या, त्यांच्या दहा झाल्या. एकेरी कयाकची २०० मीटर शर्यत पुरुषांची गेली आणि महिलांचीही गेली. गंमत अशी की टोकियोचं ऑलिंपिक तेव्हा अजून व्हायचंच होतं. साथीमुळे ते पुढच्या वर्षावर गेलं होतं. म्हणजे ऑगस्ट २०२१ मध्ये सी फॉरेस्ट वॉटरवेवर २०० मीटरच्या स्टार्टला ज्यांनी कयाक लावल्या, त्या सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं की ऑलिंपिकमधली ही शेवटची खेप. हंगेरीच्या शांडोर तोत्कानं ३५ सेकंदांत सुवर्ण जिंकलं आणि ज्या शर्यतीचा तो विजेता झाला ती तिथेच संपली. राखायला किताबच उरला नाही.

नियमाला धरूनच झालं सगळं, हे मान्य. कोणत्या शर्यती घ्यायच्या हे स्पर्धेच्या किमान तीन वर्षं आधी ठरलं पाहिजे, असं ऑलिंपिक सनद सांगते. आपण ते पाळता. टोकियोची यादी जून २०१७ मध्ये आली, लॉस एंजेलिसची एप्रिल २०२५ मध्ये. दर वेळी तीन वर्षं आणि वर थोडेफार महिने. माझी तक्रार नेमकी या तीन वर्षांबद्दल आहे. या खेळात अंतर बदलणं म्हणजे खेळच बदलणं. त्यासाठी तीन वर्षं फार तोकडी आहेत. अंतर बदलायचं असेल तर दोन ऑलिंपिक आधी सांगा आणि एकदा ठरवलेलं अंतर निदान दोन ऑलिंपिक हलवू नका. पत्राचा मुद्दा एवढाच. पुढचं सगळं तो का मांडावासा वाटला, यासाठी.

पत्र खुलं आहे, त्यामुळे ज्यांनी ही शर्यत कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी चार वाक्यं. कयाकमध्ये खेळाडू पाय पुढे घेऊन बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं आलटूनपालटून दोन्ही बाजूंना मारतो. पायानं हलवायचं छोटं सुकाणू असतं. कॅनोमध्ये तो एका गुडघ्यावर उभा असतो, वल्ह्याला एकच पातं, आणि वल्हं पडतं ते एकाच बाजूला. सुकाणू नाही. नाव सरळ ठेवायची तर प्रत्येक फटक्याच्या शेवटी मनगट वळवून तीच ती दिशा सांभाळायची, तीही वेग न घालवता. के-१, के-२, के-४ म्हणजे एक, दोन आणि चार जणांच्या कयाक. सी-१ आणि सी-२ म्हणजे तशाच कॅनो. पाणी संथ, लेन सरळ, वळण नाही. शर्यतीत बदलण्यासारखं जे काही आहे ते म्हणजे अंतर आणि नावेतली माणसं.

म्हणूनच आपल्या याद्यांचा इतिहास ओळीनं वाचला की चक्रावायला होतं. १९३६ मध्ये बर्लिनला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तेव्हा नऊ शर्यती होत्या. त्यांतल्या पाच १०,००० मीटरच्या आणि त्या पाचांतल्या दोन घडीच्या कयाकच्या. १०,००० मीटरच्या शर्यती १९५६ नंतर बंद झाल्या. १९६० मध्ये रोमला चार गुणिले ५०० मीटरची कयाक रिले झाली. ती एकदाच, पुढे कुणी तिचं नाव काढलं नाही. पुरुषांच्या ५०० मीटरच्या शर्यती १९७६ मध्ये आल्या आणि बीजिंग २००८ पर्यंत टिकल्या. त्यानंतर आपल्याला वाटलं की ५०० मीटरमध्ये दम नाही, प्रेक्षकाला हवी धडाकेबाज २०० मीटर. लंडन २०१२ ला पुरुषांच्या ५०० मीटरच्या चारही शर्यती काढल्यात आणि २०० मीटर आणलीत. रिओ झालं. टोकियोला त्यातल्या दोन काढल्यात. पॅरिसला उरलेलीही गेली, अपवाद फक्त महिलांच्या सी-१ चा. आणि पुरुषांच्या के-२ आणि सी-२ साठी कोणतं अंतर आलं? ५०० मीटर. बारा वर्षांपूर्वी ज्यात दम नव्हता तेच.

या येरझारांत काही विचित्र नोंदी झाल्या आहेत. महिलांची के-१ २०० मीटर ऑलिंपिकमध्ये फक्त तीनदा झाली, २०१२, २०१६ आणि टोकियोला, आणि तिन्ही वेळा न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टननं जिंकली. म्हणजे या शर्यतीला एकच विजेती लाभली आणि मग शर्यतच गेली. पुरुषांची सी-१ २०० मीटर दोनदाच झाली आणि दोन्ही वेळा युक्रेनचा युरी चेबान जिंकला. सी-२ ५०० मीटरचं तर आणखी मजेशीर. अथेन्स २००४ आणि बीजिंग २००८ ला ती चीनच्या मेंग ग्वानलियांग आणि यांग वेनजुन यांनी जिंकली. पुढे ती सोळा वर्षं नव्हतीच. पॅरिसला परत आली आणि चीनच्याच ल्यू हाओ आणि जी बोवेन यांनी जिंकली. कागदावर चीननं सलग तीनदा किताब राखलाय. मधल्या सोळा वर्षांत ज्यांची उमेद आली आणि गेली, त्यांची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

आपल्याकडून काय उत्तर येईल याची मला कल्पना आहे. चांगला खेळाडू कोणत्याही अंतराशी जुळवून घेतो, असं आपण म्हणाल. आणि पुराव्यादाखल स्पेनच्या साउल क्राव्हिओत्तोचं नाव घ्याल. नाव घ्यावं असंच ते आहे. बीजिंगला त्यानं के-२ ५०० मीटरमध्ये सुवर्ण घेतलं. त्या फायनलमध्ये रौप्य जर्मनीच्या रोनाल्ड राउहे आणि टिम व्हीसकोटर या जोडीला मिळालं. ही जोडी २००४ ची विजेती. मग आपण ५०० मीटर काढलीत. क्राव्हिओत्तो २०० मीटरकडे वळला, लंडनला के-१ मध्ये रौप्य, रिओला के-२ मध्ये सुवर्ण. रिओलाच के-१ २०० मीटरच्या फायनलमध्ये तिसऱ्या जागेसाठी फोटो फिनिश तपासला गेला. एका लेनमध्ये क्राव्हिओत्तो, दुसऱ्या लेनमध्ये राउहे. हजारांश सेकंदापर्यंत वेळ एकच निघाली, ३५.६६२. कांस्यपदक दोघांनाही दिलं गेलं. पुढे २०० मीटरचीही घसरण सुरू झाली, तेव्हा दोघेही के-४ ५०० मीटरमध्ये गेले. टोकियोला जर्मनी सुवर्ण, स्पेन रौप्य, मध्ये पाव सेकंदही नाही. राउहे तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. क्राव्हिओत्तोनं पॅरिसला आणखी एक कांस्य घेतलं आणि सहा पदकं घेऊन स्पेनचा सर्वाधिक ऑलिंपिक पदकं मिळवलेला खेळाडू ठरला.

या दोघांची कहाणी मला कितीही वेळा ऐकायला आवडेल. पण तिच्यावरून धोरण ठरवणं म्हणजे पुरातून पोहून आलेल्या दोघांना पाहून पूर काही फार नव्हता म्हणण्यासारखं आहे. दोघेही अशा देशांचे, जिथे कयाकचा मोठा राष्ट्रीय संघ आहे, एका नावेतून उठून दुसऱ्या नावेत बसायला जागा आहे, आणि शेजारच्या नावेत तितकाच तगडा जोडीदार आहे. तोत्काही पॅरिसला के-२ ५०० मीटरमध्ये बेन्से नादाशबरोबर रौप्य घेऊन गेला, कारण हंगेरीत जोडीदाराचा तुटवडा नाही. ज्या देशात ऑलिंपिकच्या तोडीचा कयाकपटू एकच आहे, त्याचं काय? एकेरी २०० मीटर ही अशा माणसाला उघडी असलेली वाट होती. क्रू नको, के-४ ची महागडी नाव नको, चौघांना एकत्र राहून सराव करायला शिबिर नको. टोकियोला बारापैकी सहा शर्यती एकेरी होत्या. पॅरिसला दहापैकी चार. दोन शर्यती कमी झाल्या असं आपण म्हणता. त्या दोन्ही एकट्या माणसाच्या होत्या, हे कुणी म्हणत नाही.

आता अंतराबद्दल, कारण सगळं तिथेच आहे. टोकियोच्या पुरुषांच्या के-१ २०० मीटरला पस्तीस सेकंद लागले. पॅरिसच्या के-१ १००० मीटरला चेक प्रजासत्ताकाच्या योसेफ दोस्तालला तीन मिनिटं चोवीस सेकंद लागले. पस्तीस सेकंदांत स्नायूंना पुरेसा ऑक्सिजन पोचायच्या आत काम संपलेलं असतं. तिथे ताकद, स्टार्ट आणि पहिले दहा-बारा फटके. साडेतीन मिनिटांच्या शर्यतीत फुप्फुसं आणि हृदय बोलतात. पहिल्या अडीचशे मीटरला हात आखडता घ्यायचा, मधले पाचशे सहन करायचे आणि शेवटी जे उरलं असेल ते ओतायचं. २०० मीटरसाठी खेळाडू खांदे आणि छाती जाड करतो. हजार मीटरसाठी तेच वजन ओझं होतं, कारण नाव तेवढी खोल बसते आणि पाणी अडवतं. वल्ह्याची लांबी आणि पात्याचा आकार बदलतो, मिनिटाला किती फटके मारायचे हे बदलतं. आठवड्याचा सराव तर ओळखू येणार नाही इतका वेगळा होतो. शरीर असं घडवायला लागणारी वर्षं आपल्या तीन वर्षांच्या मुदतीत बसत नाहीत. आणि मोडायलाही वेळ लागतो, हे कुणी हिशेबात धरत नाही.

जोडीचं आणखी अवघड. सी-२ मध्ये एक डावीकडून वल्हवतो, एक उजवीकडून. लहानपणी जी बाजू धरली ती बहुतेकांची जन्मभर राहते. तेव्हा जोडीदार निवडायचा म्हणजे विरुद्ध बाजूचा, जवळपास त्याच वजनाचा, तीच लय असलेला निवडायचा. पुढचा लय ठरवतो, मागचा ती उचलतो आणि नाव सरळही ठेवतो. हजार मीटरसाठी जमलेली जोडी पाचशेला जमेलच असं नाही, कारण लयच वेगळी लागते. ल्यू हाओनं टोकियोला झेंग पेंगफेईबरोबर सी-२ १००० मीटरमध्ये रौप्य घेतलं होतं. पॅरिसला अंतर निम्मं झालं आणि सुवर्ण जिंकताना त्याच्या नावेत जी बोवेन होता. उलट टोकियोला के-२ १००० मीटर जिंकलेली ऑस्ट्रेलियाची जाँ व्हॅन डर वेस्टहाउझेन आणि टॉम ग्रीन ही जोडी पॅरिसला ५०० मीटरमध्ये तशीच उतरली आणि कांस्यावर आली. कांस्य काही कमी नाही. पण बदल अंगावर पडला की कुणाचं काय होईल, हे त्या माणसाच्या हातात राहत नाही.

हँगझोऊच्या आशियाई स्पर्धेचं उदाहरण यात आलंच पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२३ ला फुयांगच्या जलक्रीडा केंद्रात अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी पुरुषांच्या सी-२ १००० मीटरमध्ये भारतासाठी कांस्य घेतलं. वेळ ३ मिनिटं ५३.३२९ सेकंद. त्याआधी या खेळात भारताला आशियाई पदक मिळालं होतं ते हिरोशिमाला, १९९४ मध्ये, आणि तेही सी-२ १००० मीटरमध्येच, सिजी सदानंदन आणि जॉनी रोमेल यांना. एकोणतीस वर्षांनी त्याच शर्यतीत पदक आलं, आणि ते आलं तेव्हा ती शर्यत ऑलिंपिकमध्ये उरली नव्हती. हँगझोऊनं ती ठेवली म्हणून पदक मिळालं, याबद्दल आशियाई संयोजकांना दोष देण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण अशा जोडीनं पुढे काय करायचं? आशियाई स्पर्धेत पदक देणारं अंतर एक आणि ऑलिंपिकला नेणारं अंतर दुसरं. ज्यांच्याकडे प्रशिक्षक, नाव आणि पैसा मोजकाच आहे ते दोन्हींची तयारी करू शकत नाहीत, आणि एक निवडलं की दुसरं सुटतं. खंडीय स्पर्धांचे संयोजक वेगळे, त्यांचे निकष वेगळे, हे मला कळतं. ऑलिंपिकचा कार्यक्रम आठ वर्षं आधी ठरलेला असेल तर त्यांनाही आपला कार्यक्रम त्याच्याशी जुळवायचा की नाही, हे निदान डोळसपणे ठरवता येईल.

या सगळ्या फेरबदलांना एक चांगलं कारणही होतं, आणि ते नाकारणारा मी शेवटचा. बीजिंगला बारापैकी नऊ शर्यती पुरुषांच्या होत्या आणि तीन महिलांच्या. लंडन आणि रिओला आठ आणि चार. टोकियोला सहा-सहा, पॅरिसला पाच-पाच. १९४८ मध्ये एका के-१ ५०० मीटरवर महिलांची बोळवण झाली होती. ती समानतेपर्यंत यायला इतकी वर्षं लागली. त्यातही कॅनो महिलांसाठी बंदच होती. एका गुडघ्यावर, एकाच बाजूनं वल्हवणं स्त्रीच्या शरीराला अपायकारक आहे, असं या खेळातली शहाणी माणसं म्हणत असत. महासंघाच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत महिलांची कॅनो २०१० मध्ये पोझनानला आली, २०० मीटर, आणि ती कॅनडाच्या लॉरेन्स व्हॅन्सां लापॉइंटनं जिंकली. पुढची दहा वर्षं ती या शर्यतीची सम्राज्ञी होती, पण ऑलिंपिकला जायला तिला टोकियो उजाडावं लागलं. तिथे तिला रौप्य मिळालं. सुवर्ण घेतलं अमेरिकेच्या नेव्हिन हॅरिसननं. लापॉइंटच्या ऐन बहराच्या वर्षांत यादीत शर्यतच नव्हती. हा अन्याय दुरुस्त केल्याबद्दल आपले आभार मानायलाच हवेत.

पण दुरुस्ती अर्धी झाली आहे. आपण पदकं मोजलीत, मीटर मोजले नाहीत. पुरुषांची एकेरी कॅनो १००० मीटरची, महिलांची २०० मीटरची. पाचपट फरक. पुरुषांची एकेरी कयाक १००० मीटरची, महिलांची ५०० मीटरची. पॅरिसला चेक प्रजासत्ताकाच्या मार्टिन फुक्साला सुवर्णासाठी तीन मिनिटं त्रेचाळीस सेकंद झगडायला मिळाले. कॅनडाच्या केटी व्हिन्सेंटला ४४.१२ सेकंद. हॅरिसन तिच्या मागे होती शतांश सेकंदानं, ४४.१३. त्या वेगाला शतांश सेकंद म्हणजे पाण्यावर साडेचार सेंटिमीटरच्या आसपास. फायनल देखणी झाली यात वाद नाही. मी ती पुन्हापुन्हा पाहिली आहे. पण सुकाणू नसलेली नाव, बाजूनं येणारा वारा, डावखुऱ्यांना एक आणि उजव्यांना दुसरा न्याय देणारा. एक फटका वाकडा पडला तर हजार मीटरमध्ये सावरता येतो, दोनशेमध्ये सावरायला पाणीच उरत नाही. आपण जगभरच्या वेळांना विश्वविक्रम न म्हणता सर्वोत्तम वेळ म्हणता ते वाऱ्यापाण्याचा भरवसा नाही म्हणूनच ना? मग त्याच वाऱ्यापाण्यात महिलांना स्वतःचं कसब दाखवायला सर्वांत आखूड पट्टा का?

महिलांना लांब अंतर झेपत नाही, असं कुणी आता उघड म्हणणार नाही. आपल्याच विश्वविजेतेपद स्पर्धेत महिला सी-१ मध्ये ५०० मीटर वल्हवतात आणि ५००० मीटरही, मध्ये नाव खांद्यावर घेऊन पळतात. दोघींच्या सी-२ ला ऑलिंपिकमध्येही ५०० मीटर दिलेच आहेत. चीनच्या शू शिशिआव आणि सुन मंग्या यांनी ती शर्यत टोकियो आणि पॅरिस अशी दोनदा जिंकली. नावेत दोघी असल्या की पाचशे चालतात आणि एकटी असली की दोनशेच, याचा अर्थ मला लागलेला नाही. शेजारच्या रोइंगकडे पाहा. तिथे महिलांचं अंतर एकेकाळी पुरुषांच्या निम्मं होतं, १००० मीटर. १९८८ च्या सोल ऑलिंपिकपासून दोघांनाही २००० मीटर झालं आणि आकाश कोसळलं नाही. क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकपासून स्त्री-पुरुषांची अंतरं सारखी झाली, अगदी ५० किलोमीटरसुद्धा.

इथे मला कोंडीत पकडता येईल, ते मीच सांगतो. अंतर हलवू नका म्हणणारा माणूस महिलांच्या सी-१ चं अंतर बदला म्हणतोय. आज २०० मीटरसाठी घडलेल्या मुलींचं काय? म्हणूनच मी ते लॉस एंजेलिससाठी मागत नाही. तिथल्या शर्यती जिथे व्हायच्या आहेत त्या लाँग बीचला जे ठरलं आहे ते होऊ द्या. आज चौदा-पंधरा वर्षांची जी मुलगी कॅनोत गुडघा टेकायला शिकते आहे, तिला एवढंच कळलं पाहिजे की ब्रिस्बेन २०३२ ला तिच्यासाठी किती मीटरची लेन आखलेली असेल. तिच्या प्रशिक्षकाला कळलं पाहिजे की हिचे खांदे वाढवायचे की दम. आणि जी आज २०० मीटरची अव्वल आहे तिला एक पूर्ण ऑलिंपिक मिळेल. बदल करण्याची ही एक सभ्य रीत आहे.

दोन शर्यती कुठे गेल्या, याबद्दल एक उपकथा. त्या स्लॅलमला, म्हणजे खळाळत्या पाण्यावरच्या कॅनो शर्यतींना, गेल्या. पॅरिसपासून कयाक क्रॉस आली, चार नावा उंच फळीवरून एकदम पाण्यात कोसळतात आणि ढकलाढकली करत खाली येतात. बघायला मजा येते, मी नाक मुरडणार नाही. पण कॅनोच्या एकूण सोळा शर्यतींचा आकडा हलू द्यायचा नाही आणि आतल्या आत वाटणी करायची, ही पद्धत खटकते. खळाळत्या पाण्यावरच्या नव्या खेळाची किंमत संथ पाण्यावरच्या एकट्या खेळाडूनं का मोजावी, याचं उत्तर ‘एकूण आकडा तोच राहिला’ हे असू शकत नाही. ऑलिंपिकमध्ये खेळाडूंची संख्या आवरायची आहे, हे समजतं. मग चर्चा तशी उघडपणे करा. महासंघांकडून, खेळाडूंकडून आक्षेप मागवा, आणि कोणती शर्यत का गेली याची कारणं लिहून प्रसिद्ध करा.

आणखी एक, टीव्हीबद्दल. २०० मीटर आणली ती टीव्हीवर शोभते म्हणून, असं त्या काळी सांगितलं जायचं. पस्तीस सेकंदांत प्रेक्षकाला खेळाडूची नावंही वाचून होत नाहीत. हजार मीटरमध्ये नाट्य असतं: टोकियोचा विजेता बालिंट कोपास पॅरिसला तिसरा येतो, दोन्ही वेळा दुसरा येणारा अदाम व्हार्गा त्याच्या पुढे असतो आणि दोघांच्याही पुढे दोस्ताल. लंडनमध्ये वीस वर्षांच्या आतल्या दोस्तालनं ऑलिंपिक पदार्पण केलं होतं हे समालोचकाला सांगायला पुरेसा वेळ मिळतो. हा अर्थात माझ्या आवडीचा भाग झाला. कुणाला २०० मीटरच प्यारी असेल. पण एकदा टीव्हीसाठी अंतर आणायचं, बारा वर्षांत काढायचं आणि दोन्ही वेळा कारण तेच, प्रेक्षक, असं सांगायचं, यातून प्रेक्षकही जोडला जात नाही. ज्या शर्यतीला इतिहासच साठू दिला नाही तिच्यात तो कुणाशी कुणाची तुलना करणार?

तेव्हा करण्याजोगं काय, ते थेट लिहितो. ब्रिस्बेन २०३२ च्या कॅनो स्प्रिंटची यादी, अंतरांसकट, लॉस एंजेलिसच्या स्पर्धेआधी जाहीर करा. सनदेतली तीन वर्षं ही कमीत कमी मुदत आहे. त्याहून आधी सांगायला सनद मनाई करत नाही. त्या यादीत महिलांच्या सी-१ ला निदान ५०० मीटर द्या, आणि महिलांच्या के-१ ला हजार का नको हे तरी एकदा लिहून सांगा. एकेरी शर्यती चारच्या खाली जाणार नाहीत असा शब्द द्या. आणि जी अंतरं ठरतील ती २०३६ लाही तीच राहतील, असं त्याच पत्रकात असू द्या.

उत्तर द्यायचं झालं तर लांबलचक नको. २०३२ ची महिलांची सी-१ किती मीटरची असेल, एवढा एक आकडा कळवलात तरी मी तो पुढे पोचवीन. वाट पाहणाऱ्या मुली पुष्कळ आहेत.

आपला,
या शर्यतींचा एक जुना प्रेक्षक